मधला रकाना

ज्या माणसाचा मी पंधरा वर्षं मत्सर केला, त्याला मी एकदाच भेटलो. दादरला, एका हॉटेलात, चहाच्या टेबलावर. तो माझ्या बायकोचा पहिला नवरा. दिसायला जवळपास माझ्यासारखाच, मध्यम उंचीचा, खिशाला दोन पेनं लावणारा. माझ्याकडे नसलेलं त्याच्याकडे काहीच नव्हतं. फक्त त्याचं नाव माझ्या मुलीच्या नावापुढे लागत होतं.

ही मुलगी मला चार वर्षांची असताना मिळाली. तिच्या आईने आणि मी लग्न केलं तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो आणि लालबागच्या चाळीत आईबरोबर राहत होतो. पहिली दोन-तीन वर्षं मुलगी मला काका म्हणायची. मग दुसरीत गेल्यावर एक दिवस, कोणी न शिकवता, ती बाबा म्हणायला लागली. मला 'तुम्ही' म्हणणं मात्र तसंच राहिलं. चाळीतल्या बाकी मुली बापाला अरे-तुरे करत आणि मला त्याचाही हेवा वाटायचा.

माझी आई कोकणातली. मुलीला तिने पहिल्या आठवड्यातच मांडीवर घेतलं, पण तिचा प्रश्न वेगळा होता. "पोरगी गोड आसा," ती म्हणाली, "पण नाव कोणाचा लागतला तिका?"

म्हणून मी दादरला गेलो होतो. मला रीतसर दत्तक घ्यायचं होतं आणि त्याला जन्मदात्या बापाची संमती लागते. तो सभ्यपणे बोलला. मुलगी माझ्याकडे राहायला त्याची काहीच हरकत नव्हती. तिला भेटायचा हक्कही त्याने मागितला नाही. फक्त संमती दिली नाही. "सांभाळा की तुम्ही," तो म्हणाला, "पण नाव कशाला काढायचं? नाव बापाचंच असतं." मग बशीतला चहा संपवून तो निघून गेला. पुढे त्याने मुलीला कधी वाढदिवसाचा फोनसुद्धा केला नाही. नाव तेवढं ठेवून दिलं, गावच्या घराला कुलूप लावून ठेवावं तसं.

एक गंमत अशी की आमचं आडनाव एकच आहे. नातं काही नाही, अर्ध्या तालुक्याचंच ते आडनाव आहे. त्यामुळे मुलीच्या नावात खटकण्यासारखं फक्त मधलं नाव होतं. आधी तिचं, शेवटी आडनाव, आणि मध्ये तो.

मी गिरगावात एका वकिलांकडे कारकून आहे. वकील नोटरी आहेत. मी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो, सह्या कुठे करायच्या ते दाखवतो. या कामात एक गोष्ट मी फार जवळून पाहिली. लोकांना वाटतं, रीत आधी असते आणि कागद तिच्या मागून येतो. पुष्कळदा उलट असतं. फॉर्मवर तीन रकाने छापलेले असतात, मधल्या रकान्याखाली 'वडिलांचे / पतीचे नाव' असं लिहिलेलं असतं, आणि पिढ्यान्पिढ्या ते भरत राहिल्यावर माणसाला वाटायला लागतं की देवानेच माणूस असा तीन तुकड्यांत घडवला. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायका आमच्या टेबलासमोर बसत आणि त्या मधल्या रकान्यापाशी आवाज खाली आणत. कोणी त्यांना आवाज खाली आणायला सांगितलेलं नसायचं.

हे सगळं मला कळत होतं. दुसऱ्यांच्या बाबतीत मी शहाणा होतो.

स्वतःच्या बाबतीत तो रकाना मला डाचत राहिला. पहिलीच्या पालकसभेत बाईंनी हजेरीवर बोट फिरवत मुलीचं पूर्ण नाव वाचलं, मग माझी सही पाहिली आणि विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, पालक. त्या दिवशी मुलीचा डबा मी भरला होता, वेणी मी घातली होती, कारण बायकोची सकाळची पाळी होती. तरी तिथे मला दुसरा शब्द सुचला नाही. घरी चालत येताना मुलगी माझं बोट धरून काहीतरी सांगत होती आणि मी तिचं ऐकत नव्हतो. मी त्या माणसाच्या नावाची तीन अक्षरं मनात घोळवत होतो.

पहिली लबाडी मी चाळीतच केली. आमच्या मंडळाची वर्षातून एकदा सत्यनारायणाची पूजा असते आणि त्या दिवशी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. माझं अक्षर बरं म्हणून यादी लिहायचं काम माझ्याकडे. मुलगी चौथीत असताना मी यादीत तिच्या नावापुढे माझं नाव लिहिलं. निवेदनाला तळमजल्यावरचे काका असत, गिरणीत आयुष्य काढलेले, माईकवर जीव असलेले. प्रत्येक मुलाचं नाव ते तीन दमात घेत. त्यांनी तिच्या नावानंतर माझं नाव घेतलं आणि ते चौकातून, चारही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून फिरून माझ्याकडे परत आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला काही खटकलं नाही, कारण चाळीच्या लेखी मी बापच होतो. मुलगी पेन आणि वही घेऊन खाली उतरली आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. मग मी दरवर्षी तसंच लिहीत गेलो.

दहावीच्या वर्षी शाळेने बोर्डाकडे जाणाऱ्या माहितीची छापील प्रत घरी पाठवली. पालकांनी तपासायची, चूक असेल तर लाल पेनाने दुरुस्त करून सही करायची. बायको कामावर होती. मी टेबलाशी बसून प्रत दोनदा वाचली. जन्मतारीख बरोबर, विषय बरोबर, आईचं नाव बरोबर. मग मी लाल पेन घेतलं, त्या माणसाच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि वर माझं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच बरं आलं, हे मला आज जास्त भयंकर वाटतं. रोज दुसऱ्यांना 'वरील मजकूर खरा आहे' अशा ओळीखाली सही कुठे करायची हे दाखवणाऱ्या माणसाने, अगदी तशाच ओळीखाली सही केली. प्रत पाकिटात घालून मुलीच्या दप्तरात ठेवली आणि तिला म्हटलं, ऑफिसात बाईंना दे.

निकाल आला तेव्हा प्रमाणपत्रावर माझं नाव होतं. त्याची एक झेरॉक्स मी ऑफिसच्या खणात ठेवली. जेवणाच्या सुट्टीत कधीकधी काढून बघायचो. बायकोने प्रमाणपत्र पाहिलं आणि त्या नावावर बोट ठेवलं. मी म्हणालो, शाळेकडून चुकून झालेलं दिसतंय. चाळीच्या यादीत असतं तसंच लिहिलं गेलं असेल. ती म्हणाली, असेल. मग म्हणाली, बरंच झालं. तिच्या तोंडून ते 'बरंच झालं' ऐकून मला वाटलं की आता हे खरंच झालं.

बारावीनंतर कागद एकमेकांसमोर उभे राहिले. मुलीला फिजिओथेरपीला जायचं होतं. घरापासून वीस मिनिटांवरचं कॉलेज तिला पहिल्या फेरीत लागलं. कागद तपासायच्या टेबलावर जन्माच्या आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक बाप निघाला आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरा. तिथल्या माणसाने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, या मुली दोन आहेत की एक? दुरुस्ती करून आणायला दोन दिवस दिले. दोन दिवसांत बोर्डाकडून काही होत नसतं, हे मला तिथे उभ्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. ती जागा गेली. पुढच्या फेरीत पनवेलच्या पलीकडचं कॉलेज मिळालं. दोन्ही फेऱ्यांच्या मधल्या काळात आमचे वकील स्वतः धावपळ करून कामचलाऊ प्रतिज्ञापत्र करून देत होते आणि ते मी टाइप करत होतो. 'शाळेच्या अनवधानाने' हे शब्द मीच घातले.

बायको शाळेत जाऊन भांडली. ऑफिसातल्या बाई आमच्याच बाजूच्या, परळच्या. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या. त्या परत परत सांगत होत्या की दुरुस्ती घरूनच आली होती आणि त्यांनी मुलीला विचारूनही घेतलं होतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या प्रती रद्दीत गेल्या होत्या. बायकोला वाटलं, बाई अंगावरचं झटकतायत. तिने मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार दिली. बाईंना ठपका मिळाला आणि बोर्डाचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. तक्रार कोणी लिहून दिली असेल, ते सांगायला नको. माझं अक्षर बरं आहे.

मुलगी पहाटे निघायला लागली. दोन तास जायला, दोन तास यायला. मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायचो. तिच्या पाठीवरचं दप्तर बघताना मला ते पाकीट आठवायचं. पण रोज आठवत असूनही मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर नाव परत त्याचं झालं असतं.

याच सुमारास सरकारचा नियम आला. यापुढे जन्मणाऱ्या मुलांच्या सगळ्या सरकारी कागदांवर आईचं नावही लागेल, मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चाळीत आधी त्याची खूप थट्टा झाली. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "म्हणजे बाप आता तिसऱ्या नंबरला. पुढच्या वर्षी वेटिंगला टाकतील." सगळे हसले. मीही हसलो, आणि माझ्या हसण्यात मनापासूनचा आनंद होता. दादरचा तो माणूस, त्याच्यासारखे सगळे, एकेक पायरी खाली उतरत होते.

वर्ष-दीड वर्षात थट्टा विरली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाचा जन्मदाखला नव्या पद्धतीने आला. मग शाळेच्या फॉर्मांवर, मग मंडळाच्या यादीत. मंडळाने कोणताही ठराव केला नव्हता, यादीसाठी तो नियम नव्हताच. पण एका सत्काराच्या वेळी त्याच काकांनी माझ्या हातातली यादी बघून मला हटकलं की आयांची नावं कुठायत, असं अर्धवट चालत नाही आता. मी म्हटलं, काका, तुम्हीच तर हसला होता. ते म्हणाले, "मी? मी कशाला हसेन? आमच्याकडे आईला मान पहिल्यापासून आहे." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं आठवत होतं. आमच्या ऑफिसातही बायकांचे आवाज मधल्या रकान्यापाशी खाली येईनासे झाले. एक तरुण बाई तर टेबलावर बोट आपटून म्हणाली, मधे माझं नाव घाला, नियम आहे. तिच्या मुलाला तो नियम लागू नव्हता, तो आधी जन्मला होता. मी तिला ते सांगितलं नाही.

मुलीला एकोणीस पूर्ण झाली तेव्हा ती म्हणाली की तिला नाव रीतसर बदलून घ्यायचंय, राजपत्रात देऊन, म्हणजे हा घोळ एकदाचा संपेल. रविवारची दुपार होती. बायको बहिणीकडे माटुंग्याला गेली होती. मुलीने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मला शेजारी बसवलं. मला वाटलं, ती माझं नाव घेणार. इतकी वर्षं जे चोरून लिहिलं, ते आता ती हक्काने लिहील.

नवीन नावाच्या ओळीत तिने स्वतःचं नाव टाइप केलं. मधे आईचं. मग आडनाव. आणि थांबली.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. मत्सर कसा जागा बदलतो ते मी त्या क्षणी पाहिलं. दादरचा माणूस डोक्यातून पार निघून गेला आणि त्याच्या जागी माझी बायको येऊन बसली. जिने या जागेसाठी कधी तोंडातून शब्द काढला नव्हता, तिला ती बसल्या जागी मिळाली. मनात आलं, वेण्या तर मी घातल्या. असं मनात आलं, आणि ते मी इथे लिहितो, कारण ते लपवलं तर बाकीच्या कबुलीला काही अर्थ राहत नाही.

"कारण काय लिहू?" मुलीने विचारलं.

मी सवयीने सांगितलं, "लिही, शाळेच्या अनवधानामुळे नोंदींत तफावत."

तिने टाइप केलं नाही. "खाली सही माझी आहे, बाबा," ती म्हणाली. "खरं असल्याची."

मग मी सांगितलं. लाल पेन, रेघ, पाकीट, तक्रारीचा मसुदा. सांगताना मी टेबलावरच्या मीठदाणीकडे बघत होतो. संपल्यावर ती म्हणाली, "मला माहितीय. मी रस्त्यात पाकीट उघडून बघितलं होतं."

मग तिने मला जे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. शाळेत बाईंनी प्रत बघितली, दुरुस्तीवर बोट ठेवलं आणि तिला विचारलं होतं, हे बरोबर आहे ना गं? आणि पंधरा वर्षांची ती मुलगी हो म्हणाली होती. "मी हो म्हटलं, म्हणून त्यांनी भरलं," ती म्हणाली. "मला चांगलं वाटलं होतं. मग आई भांडायला गेली तेव्हा वाटलं, तुम्ही आज सांगाल. रोज वाटायचं. मीच सांगितलं असतं, पण मग आई तुम्हाला काय म्हणाली असती."

म्हणजे ते नाव तिने मला आधीच दिलेलं होतं, आणि मी ते चोरलेलं समजून लपवत बसलो होतो.

मी विचारलं, मग आता आईचं का? विचारायला नको होतं, पण विचारलं.

"बाबा तर मी तुम्हालाच म्हणते, ते पुरत नाही का?" ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "तुम्ही आणि तो माणूस, दोघं त्या एका रकान्यावरून अडून बसलात. आईला कोणी विचारलंच नाही." मग तिने लॅपटॉप बंद केला. आधी शाळेत जायचं, मग अर्ज, असं ठरवून टाकलं.

संध्याकाळी बायको आली. तिला मी सांगितलं, मुलगी समोर असताना. तिने पर्सही खांद्यावरून उतरवली नव्हती. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या बाईंना मी काय काय बोलले, ठाऊक आहे तुम्हाला? तुम्ही गेटपाशी उभे होतात." दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. नव्या नावाचं मुलीने तिला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. मी बाहेर बसून तो आवाज ऐकला, आणि तेव्हाही मला हेवा वाटला.

शाळेत आम्ही तिघं गेलो. मी लेखी कबुलीजबाब दिला, मुख्याध्यापकांच्या नावे, सगळं स्पष्ट. बाई आता आवक-जावकच्या खिडकीत बसत होत्या. त्यांना मी प्रत दिली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली आणि माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं की नाही?" मुलगी म्हणाली, विचारलं होतं बाई. बायकोने हात जोडले. बाई म्हणाल्या, जोडू नका, सगळे बघतायत. मग मला म्हणाल्या, "ठपका माझ्या सर्व्हिस बुकात आहे. हा कागद फाइलला लागला की तो निघतो का, ते बघा. तुम्हाला कागदातलं कळतं ना." त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला काम दिलं. त्या कामासाठी मी चार वेळा गेलो. ठपका निघाल्याचं पत्र त्यांना निवृत्तीच्या महिनाभर आधी मिळालं. त्यांनी ते मला दाखवलं, दिलं नाही.

मग मुलीने अर्ज भरला. कारण स्वतःच्या शब्दांत लिहिलं, मला वाचायला दिलं नाही. जुन्या नावाचा पुरावा म्हणून एक कागद जोडायचा होता. जन्मदाखला जोडणं सोपं होतं, मी तिला तसं सांगितलंही. तिने दहावीचं प्रमाणपत्र जोडलं. बाकीच्या कागदांसाठी वेगळं प्रतिज्ञापत्र आमच्या वकिलांनी करून दिलं, आणि ते टाइप करायला मी दुसऱ्या मुलाला सांगितलं.

राजपत्राचं पान आलं तेव्हा मी ऑफिसात होतो. तिने फोनवर पाठवलं. शेकडो नावांच्या यादीत आमची ओळ शोधायला वेळ लागला. नवीन नाव: ती, तिची आई, आडनाव. त्याच्या वर, जुने नाव: ती, मी, आडनाव. शासनाच्या छापील कागदावर, खऱ्या सहीनिशी, कोणालाही न फसवता, माझं नाव तिच्या नावापुढे एकदाच आलं आहे, आणि ते तिने सोडलेलं नाव म्हणून आलं आहे.

मी पान मोठं करून पुन्हा पाहिलं. दादरच्या त्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं. मला बरं वाटलं. खणातली झेरॉक्स काढून मी फाडली, आणि पानाची प्रिंट काढायला उठलो.